नऊ नंबरचा रकाना

३ फेब्रुवारी

ठकूस,

आशीर्वाद. घ्यायचे असले तर घे, नाहीतर पाकिटात राहू देत, नासत नाहीत.

माझा फोन तू अडवून ठेवला आहेस. तुझ्या भावोजींच्या फोनवरून केला तर तोही अडवलास. त्या बिचाऱ्यांनी तुझं काय घोडं मारलं होतं? पोस्टमनला अडवायचं बटण अजून निघालेलं नाही, म्हणून हे पत्र. वाचून फाडलंस तरी चालेल, पण वाचून फाड. तीन वर्षं झाली, मला तुझं उत्तर हवंय, सरळच लिहिते. तू गेल्यापासून मला भांडायलासुद्धा कोणी उरलेलं नाही. तुझे भावोजी दुसऱ्याच वाक्याला "बरं" म्हणतात. अशा माणसाशी काय डोंबल भांडायचं!

तू राजीनामा दिलास त्या दिवशी मी सगळ्या वॉर्डासमोर तुला "पळपुटी" म्हणाले, ते मला आठवतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण ते नंतर. आधी बातमी ऐक.

आपल्या हॉस्पिटलने आम्हाला सुखी करायचं ठरवलंय.

हसू नकोस. वरून पत्रक आलं की नर्सेस दमतात, चिडतात, नोकऱ्या सोडून जातात, तरी त्यांच्या मनाकडे लक्ष द्यावं. मग लक्ष दिलं. तिसऱ्या मजल्यावरची जिन्याजवळची आपली खोली आठवते ना? दोन लोखंडी खाटा, भिंतीला खिळ्यांची रांग, फुटक्या काचेच्या जागी पुठ्ठा. ड्यूटीच्या मधे दहा मिनिटं पाय वर करून पडायची ती एकच जागा होती. त्या खाटा काढल्या. भिंतींना मोरपंखी रंग दिला, कोपऱ्यात प्लास्टिकचा बांबू ठेवला, गोट्यांवरून पाणी पडणारं एक यंत्र आणलं आणि दारावर पाटी लावली, "प्रसन्नता कक्ष". मग त्याला कुलूप लावलं. किल्ली मेट्रनबाईंकडे. आत बसायचं असेल तर तीन दिवस आधी अर्ज करायचा. म्हणजे गुरुवारी मी दमणार आहे, हे मी सोमवारी लेखी कळवायचं! त्या पाण्याचा आवाज तेवढा जिन्यात फुकट ऐकू येतो, आणि तो ऐकून सगळ्यांना फक्त बाथरूमला जावंसं वाटतं.

शिवाय एक समुपदेशक बाई नेमल्यात. तुझ्याच वयाच्या असतील. कोणी काहीही सांगायला गेलं की आधी म्हणतात, "दीर्घ श्वास घ्या." साहजिकच त्यांचं नाव दीर्घश्वासबाई पडलं. त्यांचा वर्ग दुपारी दीड ते दोन, म्हणजे नेमका डबा खायच्या अर्ध्या तासात. परवा आम्ही सगळ्या डोळे मिटून श्वास घेत होतो, तर जुळ्यांची आई चक्क बसल्या बसल्या घोरायला लागली. (तुझ्या जागी आली ती. घरी दोन वर्षांची जुळी आहेत, त्यातलं एक झोपलं की दुसरं उठतं.) बाई कौतुकाने म्हणाल्या, "बघा, किती खोल ध्यान लागलंय!"

आणि आज दुपारी बाराला चौदा छापील फॉर्म आले. प्रत्येक नर्सने एक भरायचा, नाव लिहायचं नाही, चार वाजता परत. दहा प्रश्न. झोप पुरते का, भूक लागते का, कामावर यायला नको वाटतं का, असले. नववा प्रश्न होता, "मनातलं बोलायला हक्काचं माणूस आहे का?" इकडे वॉर्डात एक्केचाळीस पेशंट. दोघांची तब्येत नाजूक, आणि एक पठ्ठ्या सलाईनचा स्टँड घेऊन खाली चहाला गेलेला. अशात कोणाला धरून म्हणू, ये बाई, तुझी भूक लिही?

मी तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? रकाना रिकामा ठेवायचा नाही. रिकामा रकाना म्हणजे न केलेलं काम. तेव्हा बसले आणि चौदाच्या चौदा मीच भरले. चार वेगवेगळी पेनं घेतली, दोन फॉर्म तर डाव्या हाताने लिहिले. पेशंटच्या तक्त्यात मी जन्मात एक खोटा आकडा घातलेला नाही, हे तुलाही मान्य करावं लागेल. हा काय, आपलाच तक्ता! झोप उत्तम, भूक उत्तम, माणूस आहे. साडेतीनलाच पोचते केले. सगळ्या वॉर्डांत आम्ही पहिले.

उत्तर पाठव. शिव्या दिल्यास तरी चालतील.

ताई

२१ फेब्रुवारी

ठके,

अठरा दिवस झाले. टपालाला चार दिवस जायला, चार यायला. उरलेले दहा तू रागाला दिलेस असं धरते.

आमच्या वॉर्डाला ढाल मिळाली! "सर्वांत प्रसन्न वॉर्ड." वर हसरा सूर्य कोरलाय. अधीक्षक साहेबांनी भाषण केलं, "या वॉर्डातल्या शंभर टक्के नर्सेसची झोप उत्तम आहे!" माझ्यामागे लहानी उभी होती. ही नवी मुलगी, अजून नोकरीला वर्षही झालेलं नाही. त्याच वाक्याला तिने अशी जांभई दिली की साहेबांना तिच्या दाढा दिसल्या असतील. फोटो काढला, त्यात पाचजणींचे डोळे मिटलेले आलेत. वॉर्डातली मावशी मला म्हणाली, "बाई, आपण प्रसन्न आहोत हे आधी नाही का सांगायचं? मी उगाच कंबर दुखवत बसले." शिवाय प्रत्येकीला "हसत राहा" छापलेला एकेक कप मिळाला. माझ्या कपाचा कान पहिल्याच दिवशी हातात आला.

ढाल घेताना मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कोणी टाळ्या वाजवल्या. मनात आलं, ठकू असती तर मागून कोपर मारून म्हणाली असती, "ताई, किती हा खोटेपणा!" मला ते कोपर हवं होतं.

एकच गोष्ट खटकली. खाली उतरताना मेट्रनबाई माझ्याकडे बघून हसल्या. मेट्रनबाई, ठके! ज्या कधी हसत नाहीत त्या! दुसऱ्या कोणाकडे बघून हसल्या का, म्हणून मी मागे वळून पाहिलं.

बाकी मी ठणठणीत आहे. तुझे भावोजी म्हणतात नाहीये, पण त्यांचं काय ऐकतेस. परवा म्हणे मी घरी आले, बेल दाबली, त्यांनी दार उघडलं तर मी त्यांनाच विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही? भेटायची वेळ चार ते सहा." आणि ते बिचारे "बरं" म्हणून बाजूला झाले. मला यातलं काही आठवत नाही. तेच रचून सांगत असतील.

ताई

५ मार्च

ठके,

करायला गेले एक आणि झालं भलतंच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सोमवारी मेट्रनबाईंनी बोलावलं. टेबलावर दोन बदलीच्या ऑर्डरी. जुळ्यांची आई आणि आमची बोलकी, दोघींना खालच्या वॉर्डात पाठवायचं. मी म्हटलं, "बाई, चौदांत माझं भागत नाही, बारांत कसं भागवू?"

त्या म्हणाल्या, "अहो, खालच्या वॉर्डाने फॉर्ममध्ये काय काय लिहिलंय! एकीला तर उत्तरांना जागा पुरली नाही म्हणून तिने पाठीमागे लिहिलंय. त्यांना मदत नको का करायला? तुमच्याकडे ताण नाहीच."

"ताण नाही असं कोण म्हणालं?"

त्यांनी शांतपणे माझेच चौदा फॉर्म माझ्यासमोर पसरले. माझाच डावा हात माझ्या थोबाडीत बसला.

वॉर्डात येऊन दोघींना सांगितलं तेव्हा फॉर्म कोणी भरले तेही कबूल केलं. जुळ्यांच्या आईने हातातली ट्रॉली थांबवली. मग विचारलं, "सिस्टर, माझी झोप काय लिहिलीत?" मी म्हटलं, "उत्तम." तिला हसू फुटलं. ती हसत सुटली, ट्रॉलीला धरून हसली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडून घेता येतं. हे मला झेपलं नाही.

त्यानंतरचे तीन दिवस विचारू नकोस. बारा जणींत दोघी आजारी, म्हणजे उरल्या दहा. पेशंट मात्र चव्वेचाळीस, त्यांची कोणी बदली करत नाही. दीर्घश्वासबाई वर्गाला बोलवायला आल्या, तर मावशीने त्यांच्या हातात बेडपॅनच दिलं. मीही सगळ्यांवर खेकसत फिरतेय.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. काल दुपारी लहानी औषधांच्या कपाटासमोर उभी होती. दार उघडं, किल्ली हातात. मी लांबून ओरडले, "अगं, मुहूर्त बघतेस का?" ती वळली. एरवी मला सिस्टर म्हणते. काल म्हणाली, "ताई, मी काय घ्यायला आले होते?"

ठके, तीन वर्षांपूर्वी तू त्याच कपाटासमोर, त्याच जागी उभी होतीस. हेच शब्द होते.

आज सकाळी तिने महिन्याच्या रजेचा अर्ज दिलाय. खाली रकाना आहे, "इन्चार्जचा शेरा". अर्ज माझ्यासमोर आहे आणि पेनही आहे. तिला सोडलं तर वॉर्ड कोसळतो. नाही सोडलं तर काय होतं ते आपल्या दोघींना माहीत आहे. उद्या सकाळपर्यंत शेरा द्यायचाय. आज मला पुढे लिहवत नाही.

ताई

१४ मार्च

ठके,

तुझं उत्तर नाही. मी तरी कुठे अजून खरं लिहिलंय? आता लिहिते, आणि यात विनोद करणार नाही.

तीन वर्षांपूर्वी तू माझ्याकडे रजेचा अर्ज दिलास. सलग चार महिने तू दुहेरी ड्यूट्या केल्या होत्यास. तुझे हात थरथरत होते, ते मी पाहिले होते. बहीण म्हणून पाहिले होते आणि नर्स म्हणूनही. आणि मी शेरा लिहिला, "कर्मचारी कामास सक्षम. रजेची आवश्यकता नाही." इन्चार्जने आपल्या बहिणीला सूट दिली असं कोणी म्हणू नये, म्हणून. पेशंटच्या तक्त्यात कधी खोटं लिहिलं नाही म्हणून मी मिरवते, आणि समोर पेशंट उभी होती तिच्या कागदावर धडधडीत खोटं लिहिलं. वर पंधरा दिवसांनी तूच राजीनामा दिलास तर तुलाच पळपुटी म्हटलं. चोराच्या उलट्या बोंबा. पळपुटी मी होते, ठके. तू माफ करावंस अशी माझी लायकी नाही, पण मागायची हिंमत आता आली आहे. मला माफ कर.

झालं. डोळे पुसले. आता विनोद करते, नाहीतर तुला वाटायचं पत्र दुसऱ्याच कोणाचं आहे.

लहानीच्या अर्जावर मी लिहिलं, "रजा अत्यावश्यक. आजपासून." आजपासून या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. तिला घरी पाठवलं आणि तो अर्ज घेऊन मेट्रनबाईंकडे निघाले, फॉर्मचंही खरं सांगून टाकायचं ठरवून. तर जिन्यातच गर्दी. वरच्या ऑफिसातून चार पाहुणे आले होते, आमची प्रसन्नता बघायला. अधीक्षक साहेब घाम पुसताहेत, मेट्रनबाई पर्स उलटीपालटी करताहेत. प्रसन्नता कक्षाची किल्ली सापडेना! शेवटी कोणीतरी दार ढकलून बघितलं, तर आतून कडी.

ठोकलं. कोणी नाही. पुन्हा ठोकलं. मग कडी निघाली आणि दारात कोण? दीर्घश्वासबाई! केस विस्कटलेले, गालावर चटईची नक्षी उमटलेली, एक चप्पल पायात, एक बांबूखाली. साहेब म्हणाले, "बाई, हे काय?" तर या बाई रडायलाच लागल्या. म्हणाल्या, "साहेब, नऊ वॉर्डांना मी एकटी आहे. मला बसायला खुर्ची नाही. सगळ्यांचे फॉर्म मी भरून घेतले, माझा फॉर्म कोणी घेतला?" मागे यंत्रातलं पाणी तेवढं पडत होतं.

साहेबांनी घाईघाईने पाहुण्यांना माझ्याकडे वळवलं. "आणि या आमच्या सर्वांत प्रसन्न वॉर्डाच्या इन्चार्ज!" एक पाहुण्या बाई कौतुकाने पुढे आल्या. "अरे वा! सिस्टर, याचं रहस्य काय हो?"

मी म्हटलं, "चार पेनं."

त्यांना कळलं नाही. मग सगळं सांगितलं. चौदा फॉर्म, डावा हात, दोन बदल्या, बारांतल्या दहा, कपाटासमोरची मुलगी. साहेब मधेच म्हणाले, "सिस्टर, दीर्घ श्वास घ्या." मी म्हटलं, "साहेब, श्वास रोज घेतो. खाट द्या."

बाई गं, बोलून झाल्यावर मी सरळ आत शिरले आणि त्या प्लास्टिकच्या बांबूशेजारी बसले. दीर्घश्वासबाईंनी माझा हात धरला. पण श्वास घ्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "सिस्टर, कोणाकडे बिस्किट आहे का हो? सकाळपासून काही खाल्लेलं नाही." माझ्या खिशात अर्धा पुडा होता. दोघींनी मिळून संपवला.

सगळं गोड झालं असं नाही. मला मेमो मिळाला आणि ढाल परत गेली. तिचा खिळा तेवढा भिंतीवर उरलाय. मेट्रनबाई परत न हसणाऱ्या झाल्या, ते मात्र बरं वाटतं. जुळ्यांची आई परत आली. बोलकी अजून खालीच आहे, तिथून जिन्यातून ओरडून गप्पा मारते. खाटा परत आल्यात, कुलूप निघालंय. बांबू मावशीने ठेवून घेतला, त्यावर ती एप्रन वाळत घालते. फॉर्म सगळ्यांचे नव्याने भरले. या वेळी ड्यूटीच्या वेळात, एकेकीला खुर्चीवर बसवून, आणि तेवढा वेळ तिच्या पेशंटांकडे दुसरीने बघायचं असं ठरवून. पाहुण्या बाईंनी वाचायचं कबूल केलंय. बघू. घोडामैदान जवळच आहे.

माझा फॉर्म दीर्घश्वासबाईंनी समोर बसून भरून घेतला. झोप पुरते का? नाही. कामावर यायला नको वाटतं का? रोज, जिन्याच्या पहिल्या पायरीवर. घरच्या माणसाला पेशंटचा नातेवाईक समजता का? असा प्रश्न नव्हता, पण मी आपणहून सांगितलं. बाईंनी मलाच पंधरा दिवस रजा घ्यायला सांगितलीये. अर्ज लिहून ठेवलाय, अजून दिला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तुला माहीत आहेच.

मग नववा प्रश्न आला. मनातलं बोलायला हक्काचं माणूस आहे का?

पहिल्या वेळी चौदाही ठिकाणी मी "आहे" लिहिलं होतं. या वेळी पेन तिथेच अडलं. तुझ्या भावोजींना दुखवायचं नाही, पण त्यांच्याजवळ मन मोकळं करायचं म्हणजे दर वाक्याला एक "बरं" ऐकायचं. हक्काचं माणूस एकच होतं. "होतं" असा रकाना फॉर्मवर नाही.

बाई म्हणाल्या, "रिकामा ठेवा." मी आयुष्यात पहिल्यांदा रकाना रिकामा ठेवलाय, ठके. फॉर्म अजून माझ्याकडेच आहे. महिनाअखेर द्यायचाय.

ताई

२४ मार्च

ताई,

चारही पत्रं मिळाली. पहिलं फाडलं होतं. दुसरं आलं तेव्हा त्याचे तुकडे जमवून चिकटवलं. मधला एक तुकडा कुंडीत गेला, त्यामुळे तू फॉर्म किती वाजता दिलेस ते कळलं नाही. पण तुझी फुशारकी समजली. मी इथे रोपवाटिकेत काम करते. झाडं फॉर्म भरत नाहीत, सुकली की सरळ सुकलेली दिसतात. बरं असतं.

मी त्या दिवशी पळाले नव्हते. चालत गेले होते. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत होते, तू हाक मारशील म्हणून. तीन मजले उतरले, ताई. हे मी विसरणार नाही, आणि तूही विसरायचं नाहीस. पण तो शेरा खोटा होता, हे तू स्वतःच्या हाताने मला लिहून कळवलंस. मी तीन वर्षं तेवढ्याचीच वाट बघत होते. ढाल परत गेली ते वाचून मात्र मी एवढी हसले की आमच्या मालकीणबाई आत बघायला आल्या.

भावोजींना सांग, त्यांचा फोन सुरू केलाय. तुझा विचाराधीन आहे.

रविवारी सकाळच्या गाडीने येतेय. तोवर तो रजेचा अर्ज देऊन टाक, नाहीतर त्याच्यावर शेरा मी लिहीन. आणि नऊ नंबरच्या रकान्याला हात लावू नकोस. तो मी भरणार, माझ्या पेनाने. तुझ्या अक्षरावर आता कोणाचा विश्वास राहिलेला नाही.

ठकू